बिघडलेल्या पंपाचे तीन रिपोर्ट

रोह्याच्या केमिकल कंपनीत मी शिफ्ट इन्चार्ज झाले, तेव्हा आमच्या प्लांटमध्ये बाई मी एकटीच. पेणहून कंपनीची बस सुटायची. त्याच बसला खाडीकडच्या गावातले एक ऑपरेटर असत. वयाने वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. एके दिवशी गरम पाण्याच्या पंपाला हात लावून ते म्हणाले, "म्याडम, ह्याचा आवाज बरा नाय."

मी ते शिफ्ट रिपोर्टमध्ये लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. पण शिफ्ट रिपोर्ट म्हणजे आठ तासांचा हिशोब. प्लांटचे साहेब चहा पिता पिता तो वाचत आणि पान उलटत.

एका दुपारी पंपाचं सील फुटलं आणि कढत पाण्याचा फवारा उडाला. काकांनी आवाज ओळखून सगळ्यांना आधीच बाजूला काढलं होतं, म्हणून कुणी भाजलं नाही. मी घटनेचा रिपोर्ट दिला: काय झालं, किती वाजता, कोण हजर होतं. सील बदललं, फाइल बंद झाली. पंधरा दिवसांत तोच आवाज परत.

"झालं ते लिवलंत," काका म्हणाले. "आता काय करायला पायजे ते लिवा की!"

मी ओशाळले. रिपोर्ट कसे लिहायचे ते शिकून आले होते मी, आणि कुठला कधी लिहायचा ते सांगत होते काका.

सुट्टीच्या दिवशी बसून मी तीन महिन्यांचे शिफ्ट रिपोर्ट चाळले; सील बदललं तरी आवाज परत येतच होता. पंपाखालचा चौथरा एका बाजूने खचतोय, म्हणून सील टिकत नाही, असं काकांचं म्हणणं होतं. चौथऱ्यावर स्पिरिट लेव्हल लावून पाहिली, ते खरं निघालं. मग दोन पानांचा तिसरा रिपोर्ट लिहिला, प्रस्तावाचा: सील नको, चौथराच नवा बांधा. 'ऑब्झर्व्हेशन' या शब्दापुढे काकांचं पूर्ण नाव घातलं, माझं खाली.

मीटिंगमध्ये साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग काकांना बोलावून म्हणाले, "चला, दाखवा मला." हेल्मेट घालून दोघं पुढे, मी मागे.

चौथरा झाला. पंप शांत चालू लागला. काकांनी रिपोर्टची झेरॉक्स घरी नेली, सुनेकडून वाचून घेतली. सोमवारी बसमध्ये शेजारी येऊन बसले.

"ऑब्झर्व्हेशन म्हंजे मी कान लावून ऐकलं, तेच ना?"

"व्हय काका," मी म्हणाले, "तेच."