पत्र्याचे घुंगरू

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बिबवेवाडीतल्या एका हॉस्पिटलात आमचा आठवडाभर मुक्काम होता. तिथे नर्सिंग शिकणारी एक मुलगी त्यांचं सगळं मायेनं करायची. ती नंदुरबारकडची, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची भिल्ल मुलगी. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या बाकावर बसून जाड सुती पट्ट्यावर पितळेचे घुंगरू शिवत असायची.

"नाचाच्या स्पर्धेसाठी का गं?" मी विचारलं.

"नाही ताई, होळीसाठी. आमच्याकडे नवस बोललेला माणूस पाच दिवस कडक पाळणूक, म्हणजे व्रत, करतो आणि हा पट्टा कमरेला बांधून होळीत नाचतो. पट्टा नसला तर नवस फिटत नाही."

पाड्यावरचे जुने पट्टे मोठ्या माणसांनी अडीअडचणीला व्यापाऱ्यांना विकून टाकले होते. ही आणि तिची दोन चुलत भावंडं आजोबांकडून पट्टे करायला शिकली होती. यंदा पाच जणांचे नवस होते. शिवायला हात होते, पण पितळ परवडत नव्हतं. विद्यावेतनातून ती थोडे थोडे घुंगरू घ्यायची.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. समाजकार्यासाठी कंपनीने नुकतीच एक समिती नेमली होती आणि मी तिच्यात होते. होळीला दोन महिने होते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "घुंगरांचं माझ्याकडे लागलं."

समितीच्या पहिल्या बैठकीत ठरलं, की तीन दुकानांची कोटेशनं हवीत. दुसऱ्या बैठकीत आमच्या मॅनेजरनी विचारलं, "हे लोक लॅपटॉपच्या बॅगा शिवतील का? आपल्याला वाटता येतील." मी म्हणाले, त्यांना बॅगा शिवायच्या नाहीत, होळीला घुंगरू हवेत. ते म्हणाले, "तुम्ही फार पर्सनली घेता." तिसरी बैठक अमेरिकेतला क्लायंट आल्यामुळे रद्द झाली. मी मेल पाठवत राहिले. ती मुलगी दर रविवारी फोन करायची आणि मी दर रविवारी सांगायचे, "झालंच आहे, या आठवड्यात नक्की."

होळीला नऊ दिवस उरले असताना खोकं आलं. परचेस डिपार्टमेंटने सगळ्यात स्वस्त कोटेशन पास केलं होतं. मुलीला ऑफिसात बोलावलं, बॅनरखाली उभं केलं, फोटो काढले. सगळे चहाला गेल्यावर तिने खोकं उघडलं. आत पत्र्याचे, सोनेरी रंग दिलेले घुंगरू होते. तिने एक उचलून दोन बोटांत दाबला. तो चेपला.

"ताई, हे नाचताना टिकणार नाहीत," ती हळूच म्हणाली. एवढंच. तिने तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला घेऊन कसबा पेठेत गेले. ती नेहमी ज्यांच्याकडून घुंगरू घ्यायची, ते ओतकाम करणारे म्हातारे कारागीर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"होळी यंदा अचानक ठरली का हो?"

मी किती घुंगरू हवेत तो आकडा सांगितला.

"ओतायला, घासायला पंधरा दिवस लागतात. आहेत ते घेऊन जा." होते ते जेमतेम दोन पट्ट्यांना पुरणारे. मी पैसे पुढे केले. माझ्या महिन्याच्या पगारात पाचही पट्ट्यांची रक्कम जाणवलीही नसती. हेच मी पहिल्या दिवशी, त्या बाकावरून उठून करू शकले असते. मला मात्र ते कंपनीकडून, रीतसर, माझ्या पुढाकाराने व्हायला हवं होतं.

होळीनंतर ती परत आली तेव्हा मी हॉस्टेलवर भेटायला गेले. तिने हॉस्पिटलात शिवत आणलेला धरून तीन पट्टे झाले होते. चौथ्याला शेजारच्या पाड्यावरून उसना मिळाला. पाचवा तिचा सख्खा मामा. पाचही दिवस त्याने पाळणूक केली आणि होळीत मात्र तो कडेला उभा राहिला. त्याचा नवस पुढच्या वर्षावर गेला.

"पत्र्याचा बांधला नाही?"

"मामा म्हणाला, देवासमोर खोटं कशाला वाजवू."

त्याच आठवड्यात कंपनीच्या मासिकात आमचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'आदिवासी संस्कृतीच्या जतनासाठी एक पाऊल.' मॅनेजरनी ते पान समितीतल्या सगळ्यांना मेल केलं. मी खरी हकिकत लिहून उत्तर पाठवलं. त्यावर एकाचंही उत्तर आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास मी पुन्हा कसबा पेठेत गेले. म्हटलं, या वेळी वेळेत, स्वतःच्या पैशाने ऑर्डर द्यावी. कारागीर म्हणाले, "ती पोरगी आणि तिची भावंडं गणपतीतच ऑर्डर सांगून गेली. पैसेही अर्धे देऊन गेली."

मी तिला फोन केला. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं.

"तुम्हाला कशाला पुन्हा त्रास, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली.