तिथीऐवजी तारीख

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. चार वर्षं झाली.

अलिबागजवळ आमच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो, समुद्रातल्या किल्ल्यावर कसं जायचं? ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने, भरतीला होडीने. पण ओहोटी कधी? ते मी काढून देतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी. तिच्या आधी दोन तास, नंतर दोन तास वाट मोकळी. कागदावर लिहून देतो. माझे आकडे चुकत नाहीत, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो.

त्या दिवशी नाशिकचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आले होते. तारीख आठ, तिथी पंचमी. मी पाऊणपट केली — आठाची! 'दोनपर्यंत परत या' असं लिहून दिलं. वाट पावणेबारालाच बंद होणार होती.

मीच बोलावलेल्या दत्तूने त्यांना घोडागाडीतून नेलं. साडेअकराला तो बोलवायला गेला, तर मास्तरांनी माझा कागद दाखवला. पाणी घोड्याच्या पोटाला लागलं तेव्हा तो रिकामा परतला. नंतर ते दोघं पाण्यातून चालत निघाले. बाई खडकावर पडल्या, मनगट मोडलं. होडीवाल्यांनी त्यांना किनाऱ्यावर आणलं.

संध्याकाळी दत्तू आमच्या अंगणात आला. शेजारी जमलेच होते.

"भाऊ, तीनदा हाका मारल्या मी. तुमचा कागद बघा एकदा."

"मला हिशोब शिकवतोस? म्हातारी माणसं सोडून पळालास, ते बोल!"

"पानी चढल्यावर घोडा थांबत न्हाय, भाऊ. त्याला तुमचा कागद वाचता येत न्हाय."

शेजारी हसले. आणि इथेच ते सांगायचं आहे — कसं सांगू? त्याच्या येण्याआधी मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं होतं. मला माहीत होतं. माहीत असूनच मी ओरडलो.

पुढे खोल्या देणारे जे जे भेटले, त्यांना मी सांगितलं, दत्तू भरवशाचा नाही. एकदा नव्हे, महिनाभर. कुणी विचारलंही नव्हतं. माझी चूक आहे एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? सगळ्यांनी त्याला बोलावणं सोडलं. पुढच्या हंगामाआधी त्याने घोडा विकला. आता तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला जातो.

कागद मीच त्या रात्री मास्तरांकडून मागून घेतला आणि चुलीत घातला.

गेल्या आठवड्यात दत्तू एसटी स्टँडवर दिसला. चार माणसांत त्याने मला हाक मारली, "बरं हाय ना, भाऊ?"

मी "हो" म्हणालो, आणि एसटीची वेळ विचारली.