साहेबांच्या धनुष्याचं तेलपाणी

ज्या वर्षी आमच्याकडं चारा छावण्यांत जत्रेपेक्षा जास्त गर्दी होती, त्या वर्षी आमच्या सहकारी साखर कारखान्याचं संचालक मंडळ ठिबक सिंचनाचा अभ्यास करायला परदेशात गेलं. परत येताना ठिबकची वीतभर नळीही कुणी आणली नाही. चेअरमनसाहेबांनी मात्र एक आडवं धनुष्य आणलं. बंदुकीसारखा दस्ता, पुढं आडवी कमान, मधोमध एक लांब पन्हळ. बाण पन्हळीत ठेवायचा, दोरी मागं ओढून अडकवायची आणि घोडा दाबायचा. सभासदांच्या उसावर एवढं लांब जाऊन माणूस खेळणं घेऊन येतो आणि त्याला अभ्यासदौरा म्हणतात.

मी तेव्हा कारखान्यात हंगामी फिटर होतो. गाळप चालू असेल तर कामावर, नाहीतर घरी. त्या साली शिवारात ऊस औषधालाही उरला नव्हता, त्यामुळं हंगाम होणार नाही हे संचालक मंडळ सोडून सगळ्यांना माहीत होतं. अशात एक दिवस साहेबांनी मला बोलावलं आणि ते धनुष्य माझ्या हातात दिलं.

"दसऱ्याला बॉयलर या बाणानं पेटवायचा. टोकाला पेटता बोळा बांधायचा, आन् थेट भट्टीत! तेलपाणी तू बघ. बाण बराबर गेला तर तुला कायम करतो."

कायम म्हणजे बारा महिने पगार. लग्नात मी सासऱ्यांना शब्द दिला होता की तुमच्या पोरीच्या हातात पुन्हा कोयता येणार नाही. तिचं सगळं लहानपण उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत गेलेलं. हंगामी माणसानं असला शब्द द्यायचा नसतो, पण देऊन बसलो होतो. आता तो पाळायचा रस्ता एका पन्हळीतून जात होता.

म्हणून मी त्या धनुष्याची पोटच्या पोरासारखी निगा राखली. दोरीला मेण लावायचं ते चिमटीत धरून, बोटं गरम होईस्तोवर चोळायचं, म्हणजे ते आत मुरतं. मधे जिथं दोरी पन्हळीवर घासते तिथं वेगळा दोरा गुंडाळलेला असतो, त्याला मेण नाही, तेलाचं बोट फक्त. पन्हळीला दिंद्रुडच्या बाजारातून आणलेलं शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, आणि वरून कोरडं फडकं. तेल जास्त झालं की धूळ धरते, आणि त्या साली आमच्याकडं धुळीशिवाय दुसरं काही पिकलंच नव्हतं. उसाच्या भुशाच्या गाठींवर मारून बघितला तर बाण पिसापर्यंत आत जायचा.

मग आली खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये पाने, हातोडे, व्हाइस सगळं मांडलं आणि सगळ्यांच्या पुढं पाटावर धनुष्य. पूजेला साहेब जोडीनं आले. बाईसाहेबांनी पन्हळ भरून गोडं तेल ओतलं, त्यावर हळद, त्यावर कुंकू, मग अक्षता. नारळ फोडला, त्याचं पाणीही तिथंच. साहेब म्हणाले, "याचं बी तोंड गोड करा," आणि दोरी जिथं सुटते नेमका तिथं पेढा दाबला. फडकं माझ्या हातातच होतं.

"साहेब, एवढं पुसून घेतो."

"पूजा पुसतो व्हय बे? आज हत्यार हालवायचं बी नसतंय. कसल्या घरातला हायेस?"

वर्कशॉपला कुलूप लागलं, किल्ली साहेबांच्या खिशात. मी घरी येऊन कुरकुर केली तर सणापुरत्या आलेल्या आईनंही मलाच झापलं.

दसऱ्याला किल्ली आली ती बँडबाजासोबतच. दार उघडलं तर पन्हळीत सगळ्याचा घट्ट चिकट लगदा झालेला आणि त्यावर काळ्या मुंग्यांची रांग. मी दाखवलं. साहेब खूश! "काळ्या मुंग्या म्हंजी लक्ष्मी," म्हणाले.

फेटा सावरत त्यांनी नेम धरला, कुणीतरी बोळा पेटवला, घोडा दाबला. 'फस्स' असा आवाज झाला आणि बाण साहेबांच्या पायांपुढं सतरंजीवर पडला. सतरंजी पेटली. पाहुण्यांसाठी आणलेल्या बाटल्यांतलं पाणी तिच्यावर ओतलं गेलं. कामगार वसाहतीत टँकर आला नव्हता, तिथल्या बाया हंडे घेऊन हे बघत उभ्या होत्या. शेवटी फोरमननं काडी ओढून भट्टीतला भुसा पेटवला, चिमणीतून धूर निघाला, टाळ्या पडल्या. फोटोवाले गेल्यावर आग विझू दिली, कारण बॉयलरमध्ये घालायला पाणीच नव्हतं.

"गेलं," मी घरी येऊन एवढंच बोललो.

पण पेपरात छापून आलं की चेअरमनांच्या अचूक बाणानं बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. साहेबांनी मला बोलावून घेतलं. "पेपरात आलंय, बाण बराबर गेला. आन् मी शब्दाचा पक्का हाय," असं म्हणून कायमची ऑर्डर हातात ठेवली. मी मूर्खानं गल्लीभर साखर वाटली.

महिनाभरात हंगाम रद्द झाल्याची नोटीस लागली. हंगामी पोरं मोकळी झाली आणि कोयते घेऊन दुसऱ्यांच्या कारखान्यांवर निघून गेली, दोन पैसे तरी मिळवायला. आम्हा कायमवाल्यांना रोज हजेरी सक्तीची होती आणि पगार कारखाना चालू झाल्यावर. हजेरी चुकली की नोकरी गेली. मी बंद मिलच्या सावलीत बसून त्या पन्हळीतलं कुंकू खरवडत होतो आणि मनातल्या मनात साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

ऊसतोडीचा ट्रक आमच्याही गल्लीत आला. बायकोचा भाऊ टोळी घेऊन निघाला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; ती एकटी, त्याच्यासोबत अर्ध्या कोयत्यावर जायला तयार होऊन उभी होती, पदर खोचून. मी थांब म्हणायला तोंड उघडलं, पण घरात पीठ नव्हतं.

"शेजारच्या काकूला सांगितलंय," ट्रकमध्ये चढताना ती म्हणाली, "भाकरी टाकत्याल तुमाला. हजेरी चुकवू नका."

ट्रक वळणाआड गेला आणि मी लगबगीनं कारखान्याकडं निघालो, कारण उशीर झाला की गैरहजेरी लागायची.