सरकारची मिरची

मोताळ्याच्या गोजरबाईचा बैल कडूबाच्या ज्वारीत शिरला. कडूबानं रागात कुऱ्हाड फेकली आणि बैल मेला. गावानं पारावर बसून ठरवलं की, मिरचीचा तोडा संपेपर्यंत कडूबानं आपली जोडी जुंपून गोजरबाईची मोट हाकायची. तो मान खाली घालून रोज येऊ लागला. वाफे भिजू लागले. तेवढ्यात कोणीतरी पोलिसांत खबर दिली.

कोर्टात नागपूरहून बदलून आलेले साहेब होते. गोजरबाईनं हात जोडले, "मायबाप, याले सोडा. माह्यी मोट कोन हाकील?"

"बाई, गुन्हा सरकारविरुद्ध आहे," साहेबांनी शांतपणे समजावलं.

"बैल माहा मेला, अन् गुन्हा सरकारचा? सरकारची मिरची सुकून राह्यली काय?"

कोर्ट हसलं. कडूबाला सक्तमजुरी झाली. त्याच्या भावानं, रंगरावनं, जोडी सोडून नेली आणि गोजरबाई घागरीनं मिरची जगवू लागली. तिच्यानं किती होणार? अर्धे वाफे वाळले.

रंगराव जेलात भावाला भेटून आला.

"कसा हाय थो?" तिनं विचारलं.

"बरा हाय, मावशी. जेलच्या मळ्यात मोट हाकते."

"काय लावलं तिथं?"

रंगराव जरा घुटमळला. "मिरची."

गोजरबाईनं घागर विहिरीत सोडली. "मंग भरून निघालं म्हना सरकारचं नुस्कान."