मोबाईल न विकणारा काळुराम

कोलाडच्या नाक्यावर काळुरामचं मोबाईलचं दुकान आहे. या दुकानात मोबाईल सोडून सगळं चटकन मिळतं. कव्हर मिळतं, चार्जर मिळतो, फुटलेली काच बदलून मिळते आणि गिऱ्हाईक जेवणाच्या वेळेला आलंच, तर काळुरामच्या डब्यातलं वालाचं बिरडंसुद्धा मिळतं. मोबाईल आहेत, काचेच्या कपाटात ओळीने बसलेले दिसतात. पण एखादा बाप पोराचा हात धरून "याला पहिला मोबाईल घ्यायचाय" म्हणत पायरी चढला, की काळुराम कपाटाची किल्ली खिशात टाकतो.

"देतो ना," तो म्हणतो. "त्याच्या आधी पोराला एक निरोप पोचवून येऊ दे."

निरोप जायचा पुतळीआजीकडे. आजी दुकानामागच्या आळीत एकटी राहते. तिच्याकडे एक बकरी, एक चूल आणि कुणालाही 'मेल्या' म्हणायचा अधिकार, एवढी इस्टेट आहे. काळुरामच्या या परीक्षेत ती पहिल्यापासून सामील. पोराने निरोप जसाच्या तसा न्यायचा, वाटेत कुणाला सांगायचा नाही आणि आजी देईल ते उत्तर मीठमसाला न लावता परत आणायचं. इतकंच.

गावातल्या नितेशच्या पोराला, साईराजला, दिलेला निरोप असा होता : "आजीला सांग, तुझी बकरी दुकानात शिरली नि चार्जर चावून गेली. आता काय करायचं?"

साईराज गेला. तो परत यायच्या आतच नाक्यावरचे दोघेजण धावत आले.

"काळुराम, आग विझली का रे?"

"कसली आग?"

"बकरीला शॉक लागला नि दुकान पेटलं म्हणतात! बकरी जागच्या जागी गेली!"

मागोमाग साईराज आला. आजी काय म्हणाली, ते तो साफ विसरला होता. नितेश कानकोंडा होऊन म्हणाला, "अरे, पोरगं हाय ते. होतं असं."

"हातात मोबाईल नाय तरी बकरी मेली," काळुराम शांतपणे म्हणाला. "मोबाईल असता तर अर्धा गाव मेला असता. पुढच्या वर्षी आण."

नितेशने संतापून त्याच दिवशी ऑनलाइन फोन मागवला. काळुरामने त्याचंही मनावर घेतलं नाही. त्या फोनची काच फुटल्यावर साईराज याच पायरीवर आला आणि काळुरामने ती बदलूनही दिली. मैना, म्हणजे काळुरामची बायको, म्हणायची, "धंदा करायला बसलाव का शाळा काढायला?" त्यावर काळुराम मान हलवायचा. ती होकाराची की नकाराची, हे लग्नापासून मैनेला कळलेलं नव्हतं.

हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून, ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. मोबाईल यायच्या आधी याच जागी काळुरामचा पीसीओ होता. पिवळी पाटी अजून आहे. मुंबईचा 'मुं' तेवढा उडालाय. आजूबाजूच्या वाड्यांमधल्या माणसांची मुंबई-सुरतेची पोरं तिथे फोन करायची आणि काळुराम सायकलवर टांग टाकून घरोघरी निरोप पोचवायचा. नोकरी लागली, लग्न ठरलं, मुलगी झाली, अशी बातमी असली की तो नाक्यापासूनच घंटी वाजवत सुटायचा आणि दारात पोचायच्या आधी निम्म्या आळीला बातमी कळलेली असायची. पण कुणी गेल्याचा फोन आला, तर काळुराम सायकलवर बसत नसे. सायकल हातात धरून तो चालत जायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. माणूस गेल्याची बातमी घेऊन पायडल मारत जाणं त्याला जमायचं नाही, एवढंच. पण लोकांना ती खूण कळली. काळुराम चालत येताना दिसला, की बाया चुलीतलं लाकूड बाहेर ओढायच्या आणि हा कुणाच्या दारात थांबतो, ते बघत उभ्या राहायच्या.

पीसीओ गेला, तरी तारेचा तो जुना फोन काळुरामने ठेवलाय. हायवेच्या कामात त्याची तार वरचेवर तुटते आणि काळुराम ती वरचेवर जोडून घेतो. कारण पुतळीआजीसारख्यांच्या माणसांना अजून तोच नंबर पाठ आहे.

तर असा हा काळुराम. गावच्या पोरांना बेधडक नापास करणारा. पण घरात त्याची गाडी अडली होती. लेक दिशा नववीत गेली. संध्याकाळच्या क्लासला ती एसटीने रोह्याला जाऊ लागली. एसटी चुकली की मैना नाक्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावायची. मोबाईलवाल्याच्या पोरीकडेच मोबाईल नाही, यावर क्लासमध्ये रोज नवा विनोद व्हायचा.

"पप्पा, माझी पण घ्या ना परीक्षा," दिशा म्हणायची.

"तुझी काय घेणार? पेपर फुटलाय." ते खरंच होतं. बकरीचे सगळे निरोप तिला पाठ होते. त्यातले दोन तर तिनेच रचून दिले होते.

"गावाला तपासता नि घरच्या पोरीला घाबरता," मैना म्हणायची.

काळुराम घाबरतच होता. फोनवर काय काय येतं, ते दिवसभर दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करताना तो बघत होता. पोरीवर अविश्वास नव्हता, पण विश्वास ठेवायला काहीतरी हाताशी लागतं, ते सापडत नव्हतं. आणि मोठ्यांकडे बघून तर तो जास्तच धसकला होता. दाजी म्हणून गावचे वयस्कर गृहस्थ मोतीबिंदूसाठी पेणला दवाखान्यात गेले, तर नितेशने गावच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली. लोकांनी हात जोडले, रडके चेहरे पाठवले. शेवटी दाजींनीच एका डोळ्याने लिहिलं, "सर्वांचे आभार. टाके उद्या काढणार."

मग भातकापणी उरकून वाल पेरले होते, त्या दिवसांत काळुराम सुटे भाग आणायला पेणला गेला. रविवार होता, म्हणून दुकानात दिशा बसली. परतीच्या एसटीत, नागोठण्याच्या पुढे, त्याने सहज फोन काढला आणि त्याचा हात थांबला. ग्रुपवर नितेशने टाकलं होतं : 'गागोद्याचे दत्तात्रेय मामा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

दत्तात्रेय म्हणजे पुतळीआजीचा पाठचा भाऊ. नितेशची सासुरवाडी गागोद्याची, तेव्हा या वेळी बातमी खरी असणार. आजीकडे फोन नाही. म्हणजे आता कुणीही उठून तिच्या अंगणात उभं राहणार आणि मोठ्याने विचारणार, "काय गो आजी, भाऊ गेला म्हणे?" काळुरामने दुकानातल्या जुन्या नंबरवर फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मैनेला लावला. मैनेचा फोन घरात नि मैना शेतात. तेवढ्यात हायवेच्या कामाने गाडी अडवली. काळुराम उतरून चालायला निघाला होता, कंडक्टरने त्याला बखोटीला धरून परत बसवलं. "काका, कोलाड चालत जायचंय का?"

नाक्यावर उतरला तेव्हा दुकानाची फळी अर्धी ओढलेली होती. दिशा नव्हती. समोरच्या चहावाल्याला त्याने विचारलं, "पोरगी कुठं गेली रे?"

"आळीत गेली मघाशी," चहावाला म्हणाला. मग जरा आवाज खाली करून, "सायकल हातात धरून. चालत."

काळुराम तिथेच उभा राहिला. खांद्यावरची पिशवी त्याने उगाच एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. मग तोही आळीत शिरला.

पुतळीआजीच्या कुडाला दिशाची सायकल टेकवलेली होती. अंगणाच्या तोंडाशी नितेश मोबाईल हातात धरून उभा होता. आत जावं की नाही, हे न कळलेल्या माणसासारखा.

"तुझ्या पोरीने अडवलं मला," तो काळुरामला म्हणाला. "म्हणाली, 'काका, आजी जेवतेय. जेवण होऊ दे.' आता आत सांगतेय."

आतून रडण्याचा आवाज आला. मोठा नाही, म्हाताऱ्या माणसाचा, दम पुरवून पुरवून येणारा. काळुराम दारात गेला. चूल विझवलेली होती. आजीच्या पुढ्यात तांब्या होता आणि दिशा तिला चिकटून बसून नुसता तिचा हात धरून होती.

आजीला गागोद्याला न्यायला नाक्यावरून बोलावलेली रिक्षा उभी राहिली, तेव्हा दिशा बाहेर आली.

"फोन का नाय उचललास गो?"

"मी इथं होते ना. गागोद्याहून फोन आला तशी निघाले." मग ती हळूच म्हणाली, "पप्पा, आजीने नुकतंच ताट घेतलं होतं. सांगितलं असतं तर ती उठली असती. मग गागोद्याला पोचून रात्रीपर्यंत काय खाल्लं नसतं. म्हणून मी समोर बसले नि बकरीचं विचारत राहिले. आजी हसत होती, पप्पा. मला लय कसंतरी झालं."

एवढं बोलून मात्र ती काळुरामच्या शर्टात तोंड खुपसून रडली. नितेशने अंगणाच्या कडेला वळून मोबाईलवरचं काहीतरी पुसलं आणि रिक्षात आजीला बसवायला तो सगळ्यांच्या पुढे झाला.

दिवसकार्य उरकून पुतळीआजी परत आली, ती थेट दुकानाच्या पायरीवर. बकरी तोवर मैनेकडे होती. तिला तेवढं वाटेत सोबत घेतलं होतं.

"काळ्या मेल्या," आजी म्हणाली, "पोरीला मोबाईल दे."

"देतो गो."

"नि ऐक. माझा निरोप निघंल ना एक दिवस, तवा हिच्याच हाती जाऊ दे. त्या नितेशच्या नको. तो मला आदीच धाडंल."

काळुराम हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं आणि मग कव्हर कुठलं द्यावं यावरच त्याने इतका वेळ लावला, की बकरीने खरोखरच एका चार्जरचं खोकं चावलं.

दिशाने फोन हातात घेतला. पहिला फोन कुणाला करते, हे बघायला मैना आली होती. दिशा कोपऱ्यात जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि दुकानातला जुना फोन खणखणला. काळुरामने सवयीने उचलला.

"हॅलो, काळुराम बोलतोय, कोलाड नाका. कोणाला निरोप द्यायचाय?"

"माझ्या पप्पांना सांगा," फोनमधून आणि कोपऱ्यातून एकदमच आवाज आला, "आधी जेवून घ्या."

काळुरामचा चेहरा उतरला. "का गो? काय झालं? कोण गेलं?"

"कोण नाय गेलं," दिशा वळून म्हणाली. "सकाळपासून डबा तसाच हाय."