मी शिकवलेलं गप्प राहणं

महागाव तालुक्यातल्या एका शाळेत मी पहिलीला शिकवायचे. निम्मी मुलं गावातली, निम्मी तांड्यावरची. तांड्यावर घरोघरी गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा. तिथली एक मुलगी फार बोलकी होती. भाकरीचं चित्र दाखवलं की सगळ्यांच्या आधी ओरडायची, "बाटी!" गावातली पोरं फिदीफिदी हसायची. मी टेबलावर पट्टी आपटायचे.

"मराठीत सांग."

तिच्या अंगाला मी कधी हात लावला नाही. पण दिवाळीपर्यंत ती वर्गात बोलायची थांबली. मला वाटलं, चला, वळण लागलं.

त्याच वर्षी मी नोकरी सांभाळून बी.एड. करत होते. मानसशास्त्राच्या पुस्तकात प्राण्यांवरचे प्रयोग होते. त्यात काही कुत्री होती. आधी त्यांना विजेचे असे झटके दिलेले, की काही केलं तरी सुटका नाही. पुढे वाट मोकळी करून दिली, तरी ती जागेवरच पडून कण्हत राहिली. ते पान मी दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी कपाटात टाकली. अंगणवाडीच्या ताईंकडून गोरबोलीतले शब्द शिकून घेतले. चित्र धरून मीच म्हणाले, "बाटी." मुलीनं आधी गावातल्या पोरांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. बिस्कीट दिलं, तर ते तिनं घेतलं, खाल्लं. शब्द नाही. असं वर्ष संपेपर्यंत चाललं.

एकदा तिची आई शाळेत आली.

"घरी तं लय बडबड करते मॅडम. इथंच काहून बोलत नाही? कोणी मारलं-बिरलं का तिले?"

"नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. बाई पदर सावरत म्हणाली, "मंग पोरीतच काही खोट असन." मी वह्या तपासायला घेतल्या.

ती तिसरीत गेली तेव्हा तिची धाकटी बहीण माझ्या वर्गात आली. या पोरीनं पट्टीचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. मी खाली बसून हसत विचारलं, "नाव काय गं तुझं?"

तिनं दाराकडे पाहिलं. तिला सोडायला आलेली मोठी बहीण तिथंच उभी होती. मोठीनं 'नाही' म्हणून हळूच मान हलवली. धाकटीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मी हजेरीत तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या मुलाकडे वळले.