आईची पाठ

आईच्या पाठीवर चिकटपट्टीचे लहान चौकोन आहेत, एकाखाली एक, पण सरळ रेषेत नाहीत. खुब्याच्या ऑपरेशनसाठी कमरेखालचा भाग बधिर करायचा होता. वाकलेल्या मणक्यांमधून सुईला वाट मिळेना, म्हणून भूलतज्ज्ञांना पुन्हा पुन्हा टोचावे लागले. आज त्या पट्ट्या मी कोमट पाण्याने भिजवून काढतो आहे.

"डॉक्टर म्हणाले, आजी, मांजरासारखी पाठ गोल करा," आई सांगते. "म्हटलं, जन्मभर वाकूनच कामं केली, अन् आज नेमकं वाकता येईना! बिचाऱ्यांचा किती खोळंबा केला मी."

ती हसते. मला हसू येत नाही. तिची साखर, तिचा रक्तदाब, सगळे आकडे मला तोंडपाठ आहेत. पण ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी "पाठ कधीपासून वाकलीय?" असे विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही. घरातल्या माणसाची पाठ आपल्याला दिसते ती बहुधा ते माणूस आपल्यासाठी काही आणायला वळते तेव्हा, आणि तेव्हा आपले लक्ष ताटात असते.

शेवटची पट्टी निघत नाही. मी पाठीवर तळहात टेकवतो. त्या स्पर्शासरशी आई दोन्ही हात पलंगावर रोवते.

"थांब हं, ताठ बसते."

जेवताना, फोटो काढताना मीच तिला सारखे बजावत आलो आहे, "आई, ताठ बस."

"नको गं, आहेस तशीच बस," मी म्हणतो.

पण माझ्या हाताखाली तिची धडपड चालूच राहते.